गजभियेबाईंचं कागदी मिग

गजभियेबाईंनी मला पहिला प्रश्न विचारला तो नोकरीच्या पहिल्याच दिवशी. मी नागपुरात धंतोलीतल्या एका हाडांच्या दवाखान्यात एक्स-रे टेक्निशियन म्हणून रुजू झालो होतो. दुपारी दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. ठेंगण्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, चष्म्याची एक काडी औषधाच्या पट्टीनं चिकटवलेली, हातात फायलींचा गठ्ठा. मला वाटलं, काहीतरी सही हवी असेल.

"राऊत न तुम्ही? मले एक सांगा. फोटो काढते तेव्हा ते किरण माणसातून आरपार जाते. मग पुढं कुठं जाते?"

मी म्हणालो, "भिंतीत. भिंतीत शिशाचा पत्रा असतो, तिथं अडतात."

"अडते म्हणजे काय होते? तिथंच राहते काय?"

आधी दुसरीकडं आठ वर्षं मशीन चालवूनही हा प्रश्न मला पडला नव्हता. मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. बाईंनी ते ऐकून घेतलं, "बरं, वाचून सांगा मंग," म्हणाल्या आणि निघून गेल्या. मी खरंच रात्री घरी जाऊन वाचलं.

बाई गेल्या त्याला आता काही महिने झाले. परवा दवाखान्यातली रेकॉर्ड रूम रिकामी केली, सगळं कॉम्प्युटरवर गेलं म्हणून. मजुरांनी रॅक उचलले तेव्हा मागच्या फटीतून कागदाचे चिमुकले तुकडे पडले. तिकोनी, गोल, एकाला तर बारीक बारीक टोचलेल्या टिंबांची रांग. मजुरानं विचारलं, "साहेब, हे काही कामाचं आहे काय?" मला सांगता येईना. तेव्हापासून लिहावंसं वाटतं आहे.

बाईंची रेकॉर्ड रूम तळघरात होती. विदर्भाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यांतून येऊन हाडं जोडून गेलेल्या हजारो माणसांच्या फायली तिथं होत्या, आणि त्या बाईंना जवळपास तोंडपाठ होत्या. नाव सांगितलं की त्या गाव सांगायच्या, गाव सांगितलं की मोडलेलं हाड. त्या मूळच्या सावनेरजवळच्या खाप्याच्या. दवाखान्यात आया म्हणून लागल्या आणि अक्षर चांगलं म्हणून रेकॉर्डला आल्या. दहावीनंतर त्यांची शाळा सुटली, प्रश्न मात्र सुटले नाहीत. लग्न झालं होतं, नवरा लवकर गेला, मूल नव्हतं. हे मला पुष्कळ उशिरा आणि दुसऱ्यांकडून कळलं. स्वतःबद्दल बोलायला त्यांना सवडच नसायची. भूल देणाऱ्या डॉक्टरांना त्या विचारायच्या, "झोपवता ते समजलं, पण जागं कोण करते?" लिफ्टवाल्या कंपनीचा माणूस दुरुस्तीला आला की बाई फाइल काखेत मारून त्याच्यामागे उभ्या. लोक त्यांना टाळायचे. मोठे डॉक्टरसुद्धा, म्हणजे दवाखान्याचे मालक, जिन्यात बाई दिसल्या की मोबाइल कानाला लावायचे.

विमानाचं खूळ सुरू झालं ते एका प्रश्नातून.

शहरात एका ठिकाणी रस्त्याच्या कडेला विमानदलाचं जुनं मिग लढाऊ विमान चौथऱ्यावर उभं केलेलं आहे. बाई शहर बसनं रोज त्याच्या शेजारून जायच्या. एका रविवारी त्या मुद्दाम तिथं उतरल्या, जवळ गेल्या आणि चौथऱ्याला प्रदक्षिणा घातली. सोमवारी सकाळी माझ्या खोलीत.

"राऊत, त्या विमानाचं तोंड उघडं आहे. नळकांडं आहे समोर. तिथून हवा आत जाते, बरोबर?"

"बरोबर."

"इंजन मागं आहे, शेपटीपाशी. मागून जाळ निघते."

"हो."

"आणि मधात पायलट बसते. मग हवा पायलटच्या कुठून जाते?"

मी म्हणालो, बाजूनं कुठून तरी जात असेल.

"कुठून तरी म्हणजे? विमानच केवढं आहे! माणूस बसला की संपलं. मी आत डोकावून पाहिलं तर पत्रा मारून बंद करून ठेवलं त्यायनं."

पुढच्या रविवारी त्या माप घ्यायला गेल्या. टेप पुरेना, म्हणून छत्रीनं मोजलं. विमान सतरा छत्र्या आणि वर एक वीत भरलं. तिथला पहारेकरी धावत आला.

"ओ ताई, काय करून राहिल्या?"

"मोजून राहिली."

"काहून?"

"घरी बनवाचं आहे."

पहारेकऱ्यानं घाबरून त्याच्या साहेबाला बोलावलं. साहेब आला, बाईंचं दवाखान्याचं ओळखपत्र पाहिलं, छत्री उघडून बंद करून पाहिली. बाई त्याला म्हणाल्या, "बरं झालं तुम्ही आले. याच्यात हवा कुठून जाते?" तो म्हणाला, "मॅडम, मले काय माहीत? मी सिक्युरिटीचा आहे." हा प्रसंग बाईंनी मला अगदी गंभीरपणे सांगितला. माणूस सिक्युरिटीचा असला तरी रोज ज्याच्यापाशी उभा राहतो त्याच्या पोटात काय आहे हे त्याला माहीत नसावं, याचं त्यांना खरोखर दुःख झालं होतं.

त्यांच्या बँकेतल्या भाच्यानं इंटरनेटवरून कागदी मिगचे नमुने छापून दिले. कापायचे, दुमडायचे, चिकटवायचे. बाईंनी ते टेबलावर पसरले आणि दोन दिवस नुसते पाहिले. मग मला म्हणाल्या, "हे तर नुसतं वरचं कातडं आहे. आत काहीच नाही. हा तर डबा झाला."

मग बाईंनी आतलंही करायचं ठरवलं. इंटरनेटवर विमानाची बाजूनं कापलेली चित्रं मिळाली, ती भिंगानं पाहून त्यांनी भाग मोजले. जाड कागद म्हणजे रद्दीत निघालेल्या फायलींचे पुठ्ठे. औषधांच्या खोक्यांचा चंदेरी कागद इंजिनाला. एक्स-रेच्या जुन्या पाकिटांचा गुळगुळीत कागद पंखांना. कापायला मुदत संपलेली ऑपरेशनची पाती त्यांनी थिएटरच्या सिस्टरकडून मागून घेतली होती. कागद दुमडण्याआधी संपलेल्या रिफिलनं त्यावर रेघ ओढायच्या, म्हणजे घडी काटेकोर यायची. नळी करायची तर विणायच्या सुईवर गुंडाळायची. शिवणकामातलं दातेरी चाक उलट्या बाजूनं फिरवून त्या पत्रा जोडणाऱ्या रिबिटांची टिंबं काढायच्या. मी एकदा मोजायला बसलो आणि एका पंखावर पाचशेच्या पुढं सोडून दिलं.

हे सगळं दुपारच्या सुट्टीत, डबा खाऊन झाल्यावरच्या पाऊण तासात. घरी नेलं नाही कधी. विचारलं तर म्हणाल्या, "घरी मांजर आहे."

विमान हातभर लांब होतं आणि ते व्हायला दोन वर्षं लागली. पायलटच्या खुर्चीला कागदाच्या धाग्यासारखे पट्टे होते. समोरच्या पाटीवर मोहरीएवढी घड्याळं होती आणि त्यांच्यात काटे होते. इंजिनाची पाती एकेक करून लावलेली, फुंकर मारली तर फिरायची. आणि तोंडापासून इंजिनापर्यंत एक लांब नळी, पायलटच्या खुर्चीखालून गेलेली. चित्रात तशीच दिसत होती. शेवटी बाईंनी विमानाची पाठ आणि पोट चिकटवलं, आणि आतलं सगळं कायमचं झाकलं गेलं.

तीन दिवसांनी त्या माझ्या खोलीत आल्या, विमान टॉवेलमध्ये गुंडाळलेलं. "याचा एक फोटो काढून द्या. चिकटवताना नळी सरकली का काय, मले शंका येऊन राहिली."

"बाई, कागद येत नाही एक्स-रेत."

"तुम्ही काढून पाहिला काय कधी?"

नव्हता पाहिला. पेशंट नाही असं बघून मी दार लावलं. तान्ह्या बाळाच्या बोटाला लावतो त्याहूनही शक्ती कमी केली. विमान प्लेटवर मावेना, तिरपं ठेवलं तेव्हा मावलं. बाईंना काचेमागे उभं केलं. स्क्रीनवर चित्र उमटलं आणि मी पुढं सरकलो. आलं होतं. धुक्यातून दिसावं तसं, पण आलं होतं. चंदेरी कागदाचं इंजिन स्पष्ट, खुर्ची फिकट, डिंकाचे जोड पांढऱ्या रेघांसारखे. आणि खुर्चीखालून सरळ गेलेली नळी.

"सरकली नाही," बाई म्हणाल्या. आपण केलेल्या वस्तूच्या आत पुन्हा डोकावायला मिळालं याचा त्यांना झालेला आनंद मी पाहत होतो.

मी त्याची फिल्म काढली आणि वेंधळेपणानं लाइट बॉक्सवर लटकत ठेवली. संध्याकाळी मोठे डॉक्टर आले. "हे कुणाचं?" म्हणून पुढं झाले आणि थबकले. मी मनातल्या मनात दुसरी नोकरी शोधायला लागलो. पण डॉक्टरांनी विमान मागवून घेतलं, खिडकीपाशी नेऊन पाहिलं, आणि महिन्याभरानं उघडणाऱ्या नव्या इमारतीच्या दर्शनी भागात ते ठेवायचं जाहीर करून टाकलं. काचेची पेटी करायला दिली. पितळी पाटी आली: 'निर्मिती: श्रीमती सुमन गजभिये.' बाईंनी ती पाटी रेकॉर्ड रूममध्ये आणून पदरानं पुसली. उद्घाटनासाठी नवीन साडी घेतल्याचं त्यांनी मला दोनदा सांगितलं. एवढ्या वर्षांत साडीचा विषय मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

आणि नेमके त्याच सुमारास डोंगरेकाका दाखल झाले.

नरखेड तालुक्यातल्या एका खेड्यात त्यांची संत्र्याची बाग होती. विहिरीच्या पायरीवरून पडून मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं होतं. ऑपरेशन चांगलं झालं, पण काका उभे राहायला तयार नव्हते. बोलायलाही नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. व्यायाम करून घेणारी मुलगी वॉकर घेऊन जायची आणि डोळे पुसत परत यायची. त्यांचा मुलगा सुधाकर, पन्नाशीचा, माझ्याजवळ बसून म्हणायचा, "आमचा बाबा पहिलेपासूनच कमी बोलते, भाऊ. पण आता तर हद्दच झाली."

बाईंच्या हाती त्यांची फाइल आली. फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात सुधाकरनं लिहिलं होतं: शेती. त्याच्यापुढं कंसात बारीक अक्षरात, आधी विमानदल, इंजिन फिटर. हा रकाना एरवी कुणी वाचत नसे. बाई वाचायच्या. त्या फाइल तशीच घेऊन जिना चढल्या, मला हाक मारली आणि आम्ही वॉर्डात गेलो.

"काका, तुम्ही मिगवर होते काय?"

भिंतीकडलं तोंड हललं नाही. सुधाकर म्हणाला, "होते न. वीस वर्षं. पण आमाले कधी काही सांगितलं नाही."

"काका, मले एकच सांगा. तोंडातून गेलेली हवा पायलटच्या कुठून जाते?"

मग भिंतीकडूनच आवाज आला. चार दिवसांतला पहिला. "ते सांगता येत नाही. शपथ आहे."

"विमानच रिटायर झालं काका! टीव्हीवर दाखवलं. आता काय लपवाचं?"

"विमान रिटायर झालं. शपथ नाही झाली."

दुसरा कुणी असता तर वाद घालत बसला असता. बाई गप्प खाली आल्या, माझ्याकडून ती फिल्म घेतली, वर जाऊन खिडकीच्या काचेला चिकटवली. "सांगू नका तुम्ही. मी विचारतो, तुम्ही नुसतं हूं म्हणा. हूं म्हणणं म्हणजे काही सांगणं नाही."

काकांनी मान वळवली. फिल्मकडे पाहिलं. उशीवर कोपर टेकून जरा उठले. सुधाकर पुढं होत होता, त्याला मी थांबवलं.

बाईंनी तोंडावर बोट ठेवलं. "हे बरोबर?"

"हूं."

तोंडाच्या मधला टोकदार शंकू. "हूं." इंजिन. काका इंजिनाकडं जास्त वेळ पाहत राहिले. "हूं." मग बाईंचं बोट खुर्चीखालच्या नळीवर आलं.

काका फिल्मकडं जरा पुढं झाले. मग हळूच, "अंहं."

"वरून जाते?"

"अंहं."

"खालूनही नाही, वरूनही नाही, मग कुठून?"

काकांनी डोळे मिटले आणि पुन्हा भिंतीकडे वळले.

दुसऱ्या दिवशी बाई रिकाम्या हातानं गेल्या. "विमान खाली माझ्या खोलीत आहे. वर आणता येत नाही, लिफ्टमध्ये धक्का लागते. पाहाचं असन तर यावं लागन." एवढं बोलून परत आल्या. मी त्यांना म्हणालो, काय युक्ती केली बाई! त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "युक्ती कायची? लिफ्टमध्ये खरंच धक्का लागते."

तिसऱ्या दिवशी दुपारी लिफ्टचं दार उघडलं आणि वॉकरची टकटक ऐकू आली. पुढं काका, मागं हात पसरलेली व्यायामवाली मुलगी, त्यामागं सुधाकर. लिफ्टपासून रेकॉर्ड रूमपर्यंत पंधरा पावलं असतील, त्यांना दहा मिनिटं लागली. घामानं सदरा ओला झाला होता. बाईंनी खुर्ची पुढं केली, ते बसले नाहीत. वॉकरमध्ये उभे राहून टेबलावरच्या विमानाकडे पाहत राहिले. मग खाली वाकून त्यांनी त्याच्या तोंडात डोकावलं. वाकलेलं पाहून त्या मुलीनं त्यांचा सदरा मागून धरला.

बाई म्हणाल्या, "खालून नाही, वरून नाही. मग काका?"

काकांचे ओठ हलले, पण शपथ आडवी आली असावी. त्यांनी बाईंकडे पाहिलं. मग वॉकरच्या डाव्या बाजूच्या नळीवर त्यांनी बोटानं टकटक केलं. नंतर उजव्या. मग आपल्या छातीवर.

बाईंनी वॉकरकडे पाहिलं. डावीकडं नळी, उजवीकडं नळी, मधात काका.

"दोन?" बाई म्हणाल्या. "फाटा फुटते? याच्याही बाजूनं, त्याच्याही बाजूनं? आन मागं जाऊन पुन्हा एक होते?"

"हूं," काका म्हणाले. आणि हसले. त्यांचे दात आम्ही तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

बाई खुर्चीत बसल्या. "म्हणजे माणूस हवेच्या मधोमध बसते," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "राऊत, चित्र बाजूनं काढलेलं होतं. एका नळीच्या मागं दुसरी लपली होती. तुम्ही तर रोज लोकायले सांगता न, फोटो दोन बाजूनं काढा लागते म्हणून? याचा एकच काहून काढला?"



उद्घाटन परवावर आलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी खाली गेलो तर बाईंनी विमान उलटं ठेवलं होतं आणि हातात पातं होतं.

"बाई, उद्या पाहुणे येत आहेत! बाहेरून कुणाला दिसणार आहे?"

"दिसाचा प्रश्न नाही. आता मले माहीत झालं न कसं असते ते. मग पाहू नये काय?"

मी समजून चुकलो की चूक दुरुस्त करण्याची त्यांना फारशी पर्वा नाही. तत्त्व वगैरे काही नव्हतं त्यात. वॉकरकडे पाहून जे कळलं ते त्यांना हातानं करून बघायचं होतं, एवढंच. नाकापासून शेपटीपर्यंत पातं हळूहळू सरकत गेलं. दोन वर्षांच्या रिबिटांच्या रांगा मधोमध दुभंगल्या. मला बघवेना. बाई मात्र श्वास रोखून, आत काय निघतं अशा उत्सुकतेनं बघत होत्या. जणू ते सगळं दुसऱ्याच कुणीतरी आत ठेवलं होतं.

मोठे डॉक्टर खाली आले. टेबलावर विमानाची दोन शकलं. त्यांचा चेहरा लाल झाला. "मॅडम, उद्या फीत कापायला पाहुणे येतायत, आणि तुम्ही विमान कापून बसलात?"

"डॉक्टर, इकडं या न. हे पाहा. हवा इथून दोन जागी होते."

डॉक्टर आले, वाकले, पाहिलं. मग वर गेले. उद्घाटनाच्या दिवशी काचेच्या पेटीत प्लास्टिकच्या फुलांची परडी होती आणि तिच्याखाली बाईंच्या नावाची पाटी, कारण ती स्क्रूनं पक्की केलेली होती. पाहुणे म्हणाले, फुलं अगदी खरी वाटतात. नवी साडी नेसलेल्या बाई मागच्या रांगेत उभ्या होत्या. त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की डॉक्टरांनाही हसू आवरलं नाही.

काका वॉकरनं चालत गाडीत बसून घरी गेले. दोन महिन्यांनी बाई निवृत्त झाल्या आणि खाप्याला भाच्याकडं राहायला गेल्या. मार्चमध्ये त्यांचा फोन आला: "नळ्या झाल्या. काकाले दाखवाले जाऊ."

आम्ही सावनेरच्या बसस्टँडवर भेटलो आणि तिथून एसटीनं काकांच्या गावी गेलो. विमानाचा खोका पूर्ण रस्ता बाईंच्या मांडीवर होता. काकांच्या अंगणात संत्र्याचे क्रेट भरणं चालू होतं. काका काठी टेकत चालत आले, खाटेवर बसले. बाईंनी विमान त्यांच्या हातात दिलं आणि एक छोटा टॉर्च. काकांनी एक डोळा मिटून विमानाच्या तोंडातून टॉर्च मारला. आधी डावीकडून. मग उजवीकडून. पुन्हा डावीकडून.

"हे असंच पाहत होतो मी," ते म्हणाले. "रोज सकाळी. उडण्याच्या पहिले, आत काही राहिलं तर नाही म्हणून."

मग टॉर्च बंद करून, विमान मांडीवर ठेवून त्यांनी सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी तपासलेलं, त्यांची सही असलेलं एक विमान परत आलं नव्हतं. पायलट हवाई छत्रीनं उतरला, वाचला, पण पाठीचं हाड मोडलं ते मोडलंच. तरुण पोरगा, पुन्हा कधी उडाला नाही. चौकशी झाली. पक्षी आत गेला असं कागदावर लिहिलं, काकांना कुणी एका शब्दानं बोललं नाही.

"त्यायनं लिहिलं पक्षी. मले काय माहीत? सकाळी टॉर्च मारून पाहणारा मीच होतो."

सुधाकर क्रेट हातात धरून उभा होता, तो तसाच उभा राहिला. सून दारात. बाई खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "त्या दिवशी पाहिलं तेव्हा काय दिसलं होतं, काका?"

काका चमकले. हा प्रश्न त्यांना त्या चौकशीनंतर कुणी विचारला नसावा. त्यांनी डोळे मिटले.

"साफ होतं," ते म्हणाले.

"दोन्हीकडून पाहिलं होतं?"

"दोन्हीकडून."

"मग आता काय शोधून राहिले त्याच्यात?"

काका विमान हातात घेऊन त्यावरच्या टिंबांवरून अंगठा फिरवत राहिले. आणि मग बोलायला लागले. इंजिन कसं सुरू करायचं, थंडीत ते कसं रुसायचं, कुठली पट्टी कुणाच्या हातानं नीट बसायची. तीनदा चहा झाला. संत्र्यांचा ट्रक येऊन उभा राहिला, ड्रायव्हरही ऐकायला खाली बसला. आम्हाला बसपर्यंत सोडायला आलेला सुधाकर म्हणाला, "ताई, पन्नास वर्षांचा झालो मी. माह्या बापाचा एवढा आवाज मी ऐकला नव्हता." निघताना काकांनी विमान ठेवून घ्यावं अशा नजरेनं धरून ठेवलं होतं. बाईंनी ते सरळ काढून घेतलं. "देत नाही. चाकं बाकी आहे अजून."

चाकं लागलीच नाहीत. मे महिन्यात एका दुपारी बाई जेवून आडव्या झाल्या त्या उठल्या नाहीत. विमान खाप्याला भाच्याच्या घरी फ्रिजवर आहे. डोंगरेकाका तेराव्याला आले होते, काठीसुद्धा न घेता.

मी बाईंना शेवटचं पाहिलं ते मात्र त्या मार्चमधल्या संध्याकाळी, सावनेरच्या बसस्टँडवर. त्यांची खाप्याची बस लागली होती, माझी नागपूरची समोर. मी चढलो, खिडकीशी बसलो. त्यांची बस काही सुरू होईना. ड्रायव्हरनं शेजारचं इंजिनाचं झाकण उघडलं. प्रवासी कंटाळून खाली उतरायला लागले. तेवढ्यात बाई आपल्या जागेवरून उठल्या, विमानाचा खोका त्यांनी कंडक्टरच्या हातात दिला आणि पुढं गेल्या. माझी बस हलली. मागं वळून पाहिलं तर कंडक्टर तो खोका दोन्ही हातांनी धरून, हलू नये म्हणून पाय रोवून उभा होता. ड्रायव्हर हातातला पाना विसरून काहीतरी समजावून सांगत होता, आणि बाईंचा पांढरा अंबाडा त्या उघड्या इंजिनावर वाकला होता.